म्हशीच्या बदल्यातलं मेंडोलिन

माझ्या मामाच्या मेंडोलिनवर ते बनवणाऱ्याचं नाव होतं. ते मी ठोकून सपाट करून घेतलं आणि त्या जागी मामाचं नाव घातलं.

हे मी शुद्धीत असताना केलं. दिवसाढवळ्या, स्वतःच्या दुकानाच्या ओट्यावर बसून, हातात कपबशी धरून केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. एकानं तर नको म्हटलं होतं. त्यालाच मी गप्प बसवलं. पुढे आठ-नऊ वर्षांनी त्याच नावाची गरज पडली, तेव्हा मी ते शोधत नागपूरपर्यंत जाऊन आलो. हरवलेली वस्तू शोधणारे जगात पुष्कळ असतात. स्वतःच पुसलेली वस्तू, पुसल्याचं लपवत शोधणारा माणूस भंडारा जिल्ह्यात तरी मी एकटाच असेन.

आंधळगावला आमचं भांड्यांचं दुकान. सत्तर सालाच्या आसपास वडिलांनी ते माझ्या हाती दिलं आणि गल्ल्यावर बसल्याच्या तिसऱ्या दिवशी मी जाणकार झालो. आमच्या धंद्यात जाणकार व्हायला फार काही लागत नाही. गिऱ्हाईक जुनी घागर आणतं. ती हातात घेऊन वर-खाली करायची, बोटाच्या पेरानं टण्णकन वाजवायची, भुवई चढवून 'हं' म्हणायचं आणि तराजूत टाकायची. अशा जुन्या भांड्याला आम्ही मोड म्हणतो, आणि मोडीचा भाव वजनावर. घागर कोणाच्या आजीची, कोणत्या लग्नातली, कोणी घडवलेली, हे तराजूला कळत नाही आणि मलाही कळत नव्हतं. पण 'हं' मी उत्तम म्हणायचो. त्या एका 'हं'च्या जोरावर लोक मला जुन्या वस्तूंतला माणूस समजू लागले. कोणाच्या माळ्यावर बंद पडलेलं घड्याळ निघालं, साहेबी कंदील निघाला, की मला बोलावणं यायचं. मी जायचो, वस्तू उलटी करून पाहायचो, 'हं' म्हणायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो. आजवर एकाही वस्तूबद्दल मी खरं काही सांगितलं नाही, आणि एकानंही चिवडा परत मागितला नाही.

दुकानाच्या ओट्यावर आमचा नाव घालणारा बसायचा. एक छिन्नी, एक इवलीशी हातोडी, आणि लग्नसराईत दिवसभर टिकटिक टिकटिक. त्याला वाचता येत नसे. कागदावर नाव लिहून दिलं की चित्र उतरवावं तसं तो ते पितळेवर उतरवायचा. आता भांड्यावर नाव कोणाचं असतं? मालकाचं, नाहीतर देणाऱ्याचं. परातीवर नवरीच्या मामाचं नाव नसलं तर मामा पंगतीतून उठून जातो. घडवणाऱ्याचं नाव? भंडाऱ्याच्या कासारांनी जन्मभर भट्टीपुढे घाम गाळला, पण त्यांचं नाव घागरीवर कोणी घातलं नाही, आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. मोडीत आलेल्या भांड्यावर दुसऱ्याचं नाव असलं, तर पहिलं काम ते नाव मोडायचं. कारण दुसऱ्याच्या नावाची परात घरात दिसली की पाहुणे तोंडानं जेवतात आणि मनानं विचार करतात, ही कुठून उचलली असेल.

एवढी अक्कल घेऊन मी मेंडोलिनला हात लावला.

मामा एकोडीचा. तळ्याच्या पाण्यावरची धानाची शेती, आणि गावच्या नाटक मंडळीत वाजवणं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, आणि ज्याला पेटीचे दोन सूर येतात तो महिनाभर घरी सापडत नाही. मामाच्या लग्नाला वर्ष झालं नसेल, तेव्हा त्याची मंडळी तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर नाटक करायला गेली. तिथला टाइमकीपर गोव्याकडचा होता आणि त्याच्याकडे हे मेंडोलिन. पोट खरबुजासारखं फाकाफाकांचं, तोंडाभोवती शिंपल्याची नक्षी, आठ तारा. मामानं ते ऐकलं आणि मामा संपला. टाइमकीपरला पैसे नको होते. त्याच्या घरी जुळं झालं होतं आणि खाणीवर दूध मिळत नव्हतं. मामाच्या गोठ्यात एक म्हैस होती. ती मामाची नव्हती, मामीनं माहेरून आणली होती. मामीला न विचारता मामानं ती सोडली, तीन दिवस चालवत खाणीवर नेली, आणि पोत्यात गुंडाळलेलं मेंडोलिन खांद्यावर टाकून परत आला.

तेव्हापासून मामीनं त्या वाद्याला मेंडोलिन म्हटलं नाही. ती त्याला म्हैस म्हणायची.

"म्हैस खाली ठेवा अन् जेवाले या."

"म्हैस वसरीत ठेवू नका, वरून पानी गळून राह्यलं."

पाहुण्यांसमोर तर जास्तच. "हो बाप्पा, चांगलं वाजवते. पन त्या टाइमकीपराचे पोट्टे माह्या म्हशीच्या दुधावर पैलवान झाले असतीन, त्याईले पाहाची मोठी हौस हाय मले."

मामा यावर मान खाली घालून तारा पुसायचा. आम्ही भाचेमंडळी खिदळायचो. मला त्यात फक्त गंमत दिसायची. खाली घातलेली मान दिसत नव्हती. पण मोडीत आलेल्या भांड्याचा पोचा दिसतो तेवढंच ज्याला दिसतं, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार.

एका वर्षी मंडईच्या आधी मामा आंधळगावला आला. आल्याआल्या त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे देव. देवाला अक्कल असावी अशी अट मात्र कोणी घातलेली नाही.

"भाच्या," तो म्हणाला, "तारा अडकवाच्या पट्टीवरचं हे झाकन काळं पडलं. तुह्या दुकानात उजळून ठेव. मी पंधरा रोजानं येतो."

उजळून ठेव म्हणाला. एवढंच. चिंच आणि राख लावून कोणीही उजळलं असतं. मीही उजळलं. काळं गेलं, आणि झाकणावर वळणदार इंग्रजी अक्षरं वर आली, दोन बाजूंना दोन फुलं. मी अक्षरं लावून पाहिली. जीभ वळेना. कुठल्यातरी साहेबाचं नाव असावं. मनात आलं, बिचारा मामा इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाची वस्तू मांडीवर घेऊन चारचौघांत बसतो! आणि मला भाचेपणाचा उमाळा आला. मी नाव घालणाऱ्याला झाकण दिलं. "हे नाव मोड."

त्यानं ते उन्हात धरलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "शेठ, हे छिन्नीचं काम नाई. ठसा हाय हा, कारखान्यातला. राहू द्या ना. बरं दिसते."

"तुला इंग्रजी येते का?"

"नाई जी."

"मग मोड."

मलाही येत नव्हती, हा भाग वेगळा. त्यानं आतून ठोकलं, वरून कानस फिरवली. वरचा रुपेरी मुलामा गेला, खालचं पितळ उघडं पडलं, झाकण एका बाजूनं जरा दबलं. मग मी कागदावर लिहून दिलेला मजकूर त्यानं टिकटिक करत घातला. मामाचं पूर्ण नाव. खाली 'मु. एकोडी'. आणि त्याच्याखाली, माझ्या उमाळ्याला आवर नव्हता म्हणून, बारीक अक्षरांत: 'भाच्याकडून सप्रेम भेट'.

मामाच्याच मेंडोलिनवर.

मामा आला, त्यानं नाव पाहिलं, आणि त्याचे डोळे भरले. पुन्हा माझ्या पाया पडला. त्या वर्षीच्या मंडईत ज्यानं त्यानं ते झाकण पाहिलं. एकोडीत मी तर मोठाच माणूस झालो. मामीनं तेवढं विचारलं, "म्हैस माही, सोडली यायनं, अन् भेट भाच्याची कशी?" पण मामीच्या बोलण्याकडे तेव्हा कोण लक्ष देतो.

मग वर्षं गेली. मामाची बोटं आखडली. मंडळीत विजेवरची पेटी आली, तिच्यातून सनई पण निघायची आणि रेल्वे पण. मामा मंडईत समोर बसून नुसता ऐकू लागला. मेंडोलिन खुंटीवर गेलं.

त्र्याऐंशीच्या सुमाराला एकोडीच्या मंडईत नागपूरचे एक प्राध्यापक अवतरले. लोककला पाहायला शहरातून लोक यायचे ते दिवस. खांद्याला झोळी, पायांत कोल्हापुरी, आणि जे दिसेल त्याला 'अद्भुत' म्हणायची सवय. त्यांना दंडार अद्भुत वाटली, शेणानं सारवलेलं अंगण अद्भुत वाटलं, वडाभात तर फारच अद्भुत वाटला, दोनदा घेतला. मामाच्या घरी खुंटीवरचं मेंडोलिन पाहून ते थांबले. खाली काढलं, नाकाशी नेलं आणि वास घेतला. माझा 'हं' निदान वाजवून तरी म्हटलेला असायचा. हे गृहस्थ हुंगून बोलले.

"जुनं आहे. परदेशी आहे. बनवणाऱ्याचं नाव कळलं तर फार दुर्मीळ ठरू शकेल."

ठरू शकेल! एवढं बोलून प्राध्यापक बसस्टँडकडे गेले आणि पुन्हा कधी एकोडीला फिरकले नाहीत. मामाला मात्र जेवण गोड लागेना.

चार दिवसांनी तो मेंडोलिन घेऊन माझ्या दुकानात. पाया पडला. मग गल्ल्याशेजारी बसून हळूच म्हणाला, "भाच्या, मले हे इकाचं नाई. पैसे नाई पाह्यजे. मले कागद पाह्यजे. हे काय वस्तू हाय, कोनं बनवली, केवढ्याची हाय, असा जानत्या मानसाचा कागद. तुह्या मामीले दाखवाचा हाय."

"मामी काय म्हणते?"

"म्हनते, कागद आना. म्हशीच्या बरोबरीची वस्तू निघाली, त मी मंडईच्या दिवशी चारचौघात म्हनीन का म्हैस बरी गेली. अन् नाई आनला, त हे लाकूड माह्या चुलीत." तो झाकणावरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवत होता. "तीस वर्सं झाले, भाच्या. मी तिले इचारलं नव्हतं रे."

तेव्हा मला पहिल्यांदा ती खाली घातलेली मान दिसली. आणि त्याच क्षणी, त्याच्या बोटाखाली काय होतं आणि त्याच्याखाली आधी काय होतं, हेही आठवलं. नाव! प्राध्यापकाला नाव हवं होतं. मी भुवई चढवली आणि म्हणालो, "हं."

मामा समाधानानं घरी गेला.

तो गेल्यावर मी काय केलं असेल? तराजूत टाकलं. खरंच. मेंडोलिन एका पारड्यात, वजनं दुसऱ्यात. दीड किलोला जरा कमी भरलं. सवय मेली जात नाही. पण या वजनाचं करायचं काय, हे तराजूनं सांगितलं नाही.

मग नागपूर गाठलं. सीताबर्डीत वाद्यांचं एक जुनं दुकान होतं. मालक सत्तरीचे, धोतर आणि काळा कोट, बोलणं अगदी मऊ. मी मामाचं वाद्य दाखवायला आणलंय म्हटल्यावर त्यांनी आधी ते गादीवर ठेवलं, हात पुसले, मग घेतलं. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा त्यांनी काढला, तो आवाजाच्या भोकातून आत सोडला आणि वरून बॅटरी मारली. जुनी वस्तू पाहणं म्हणजे काय असतं, हे मी त्या दिवशी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पाहिलं.

"आत कागद चिकटवलाय," ते म्हणाले. "पण कसरीनं खाल्ला. थोडी वेलबुट्टी उरलीय आणि एक शेवटचं अक्षर. त्यावरून गावसुद्धा कळायचं नाही."

मग त्यांनी पोटाच्या फाका मोजल्या, नखानं सांधे चाचपले, खुंट्यांची दातेरी चाकं फिरवली. तारा लावून एकदा छेडलं आणि डोळे मिटले.

"हात चांगला आहे. पण सांगू का? इटलीच्या मोठ्या कारागिरांचं काम असंच असे, आणि त्यांचं बघून घाईत केलेलं, पेट्या भरभरून मुंबई-कलकत्त्याला विकायला आलेलं काम लांबून असंच दिसे. दोघांत फरक करायचा तर नाव लागतं. अशा वाद्याचं नाव दोन जागी सापडतं. एक आतल्या कागदावर. दुसरं..." त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं माझ्या पापावर. "दुसरं इथं. अरे, हे काय? इथं ठसा होता. घासलाय. ठोकलाय! कुठल्या गाढवानं केलं हे?"

"मागच्या मालकानं केलं असेल," मी तुच्छतेनं म्हणालो. "खाणीवरचे लोक. त्यांना काय कळतंय."

ते चष्मा पुढे ओढून झाकण वाचू लागले. मामाचं नाव वाचलं. 'मु. एकोडी' वाचलं. मग झाकण डोळ्यांजवळ नेऊन खालची बारीक ओळ वाचली. सावकाश, एकेक अक्षर. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"मामांचं वाद्य आणलंय म्हणालात ना?"

"हो."

"म्हणजे तुम्ही भाचे."

जगात चोर आपली खूण मागे राहू नये म्हणून धडपडतात. मी माझी पितळेवर कोरून घेतली होती, सप्रेम.

ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं. "वाजवणाऱ्याला विकलंत तर नव्या देशी मेंडोलिनएवढे येतील," ते म्हणाले. "नाव असतं आणि ते भलं निघालं असतं, तर मी तुम्हाला दुकानातून जाऊ दिलं नसतं, घरी जेवायला नेलं असतं." मग मेंडोलिन पोत्यात घालून देताना म्हणाले, "त्या अक्षरांचं वळण कोणाला आठवत असेल तर कळवा."

मला आठवत होती ती फक्त दोन फुलं. अक्षरं मी जीभ वळेना म्हणून सोडून दिली होती. पण एक माणूस होता, ज्यानं ती अंगठ्यानं पाहिली होती.

नाव घालणारा तेव्हा मोतीबिंदूनं घरी बसला होता. दुकानात विजेची सुई आली होती. तिचं अक्षर डास चावल्यासारखं उठायचं. मी त्याच्या अंगणात गेलो, शेजारी बसलो आणि विषय काढला.

"मेंडोलिनचं झाकन? आठवते ना. मी म्हटलं होतं ना तुमाले, ठसा हाय."

"ते सोड. अक्षरं कशी होती?"

"वाचाले मले येत नाई, शेठ. पन जे मोडतो ते हाताले आठवते." त्यानं कोळसा मागवला आणि ओट्यावर चाचपत काढू लागला. "पहिला एक विळा. त्याच्या बाजूले कांदा. मंग दोन खुट्या, उभ्या. मंग एक वेटोळं, अन् पुढं लहान लहान, ते नीट नाई ध्यानात. दोन्ही खुट्या अगदी सारख्या होत्या. म्हनून मले समजलं का ठसा हाय. हातानं कोरलेले दोन अक्षर कवाच सारखे येत नाईत."

माझ्या ओट्यावर दहा-बारा वर्षं जुन्या वस्तूंतला जाणता माणूस बसत होता. मी त्याच्याकडे पाठ करून गल्ल्यावर बसत होतो.

विळा, कांदा, दोन खुट्या कागदावर उतरवून मी नागपूरला पाठवल्या. आठवड्यात कार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर असा की अशा वळणानं सुरू होणारी तीन नावं त्यांना ठाऊक आहेत. एक फार मोठं, दोन अगदी बाजारी. आपलं वाद्य यांपैकी कोणाचं, हे आता ज्यानं नाव मोडलं त्यालाच विचारावं.

मंडई आठ दिवसांवर आली होती. शहाण्या माणसानं या ठिकाणी एकोडीला जाऊन खरं सांगितलं असतं. मी दुकानाचं बिलबुक घेतलं, वरची नावपत्त्याची पट्टी फाडली, आणि उरलेल्या कागदावर शाईनं लिहिलं: 'बारकाईने तपासणी करता सदरहू मेंडोलिन अस्सल विलायती असून त्याची किंमत दोन दुभत्या म्हशींइतकी भरते.' 'सदरहू' लिहिल्यावर मला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. पण कागद उघडाबोडका दिसत होता. सरकारी वाटेना. म्हणून मी त्याच्यावर एक गोल शिक्का मारला. जवळ एकच होता. मामीला वाचता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दुपारी एकोडीत पोचलो. अंगणात धान वाळत घातलेलं. मामानं पाय धुवायला पाणी दिलं, पाया पडला, आणि माझ्या तोंडाकडे न पाहता खिशाकडे पाहत राहिला. मामी चुलीशी होती, हाक मारल्यावर हात पुसत दारात येऊन उभी राहिली. नागपूरच्या वाद्यांच्या दुकानातला कागद आहे असं सांगून मी तो उभा राहून वाचला. 'दोन दुभत्या म्हशींइतकी' हे तर मी दोनदा वाचलं. मामानं डोळे मिटले. मग उघडून मामीकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याची मान वर होती.

"पाहू बरं," मामी म्हणाली.

तिनं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, एकदा उलटा, एकदा सुलटा. मग आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती दुसरा एक कागद घेऊन. तिच्या पोरीच्या लग्नातल्या भांड्यांचं बिल. माझ्या दुकानाचं. तिनं दोन्ही कागद सुपात शेजारी शेजारी ठेवले आणि एका गोल शिक्क्यावर एक बोट, दुसऱ्यावर दुसरं बोट ठेवलं.

"भाचेबुवा, नागपूरच्या दुकानात बी तुमचीच घागर हाय का?"

आमच्या शिक्क्याच्या मध्यभागी घागर होती. वडिलांनी हौसेनं काढून घेतली होती. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही दुकान ओळखू यावं, म्हणून.

मग मी सगळं सांगितलं. झाकण, ठसा, नाव घालणारा, नागपूर, विळा, कांदा, कार्ड. मला वाटलं होतं मामा चिडेल. तेही मी बरं मानलं असतं. पण भाच्यावर चिडायची आमच्याकडे रीत नाही.

"म्हंजे पहिले नाव होतं," तो एवढंच म्हणाला.

"होतं."

"बनवनाऱ्याचं."

"हो."

त्यानं मेंडोलिन मांडीवर घेतलं. झाकणावरच्या स्वतःच्या नावावर अंगठा फिरवला, पुसून जातं का पाहावं तसा. मग उठला, चार पावलं गेला आणि ते मामीच्या पायांशी, उंबऱ्यावर ठेवलं.

"घे. चुलीत घाल. तुही म्हैस मी पान्यात घातली. तू तीस वर्सं खरं बोलत होती."

मामी खाली पाहत राहिली. धानावर चिमण्या उतरल्या होत्या, त्या कोणी हाकलल्या नाहीत.

"बसा," ती मामाला म्हणाली. "बसा म्हनलं ना."

मामा बसला.

"ते म्हैस लाथाड होती."

"कोनती म्हैस?"

"कोनती म्हैस म्हनते! एकच त होती. आचळाले हात लावला का लाथ. बादली तिकडं, मी इकडं. कवा मनात आलं त शेरभर द्यायची, नाई त तेवढं बी नाई. माह्या बापाले माहीत होतं, म्हनून त आंदन म्हनून माह्यासंग लावून देल्ली."

"पन घरात त दूध राहे!"

"शेजारून आनो ना मी! पदराखाली गडवा घेऊन. तुमी त मंडळीसंग गावोगाव. तुमाले काय समजते गोठ्यातलं? नवी नवरी मी, अन् माहेरची म्हैस दूध देत नाई म्हनून सासरी सांगू? तुमी तिले घेऊन गेले, तवा मी दोन दिवस रडली, ते लोकाईले दिसलं. तिसऱ्या दिवशी हसली, ते कोनाले दिसलं नाई."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. "अन् तीस वर्सं मले बोलून राह्यली?"

"मंग? न इचारता नेली ना! दूध देत नसली म्हनून का होते, म्हैस माही होती. इचाराचं होतं."

मग मामाच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"म्हंजे टाइमकीपर गंडला."

"चांगलाच गंडला. त्याचे पोट्टे कायच्या दुधावर वाढले, देव जाने."

मामीनं उंबऱ्यावरचं मेंडोलिन उचललं, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि मामाच्या मांडीवर ठेवलं. आखडलेल्या बोटांनी त्यानं तारा छेडल्या. बेसूर होतं. नागपूरच्या दुकानात वाजलं होतं त्याच्या पाव भागही नाही. तरी मामी चुलीकडे न जाता तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"मंडईत म्हनशीन ना, म्हैस बरी गेली म्हनून?" मामानं विचारलं.

"म्हनीन. कशी बरी गेली ते मात्र नाई सांगनार. माहेरची गोस्ट हाय."

मी तेवढ्यात पिशवी उचलली. कागद तिथंच सुपात राहिला होता, तो मागायची छाती झाली नाही. पुढे मामीनं त्याच्यावर वर्षभर पापड वाळवले असं ऐकलं. निघताना मामा माझ्या पाया पडला. मामीनंही पदर सावरला, रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि उभी राहत म्हणाली:

"भाचेबुवा, मेंडोलिनले गिऱ्हाईक भेटन. त्या लाथाड म्हशीले बी भेटलं. तुमाले मात्र कोनी मोडीत बी घेनार नाई."